डाव्या पिळाची तार

विरापूलची लोकसंख्या तीन. मागच्या शिरगणतीत ती सहा भरली, कारण त्या दिवशी रस्त्याच्या कामावरचे तिघं चिखलात अडकून इथंच पडले होते आणि त्यांनी इमानदारीत फॉर्म भरून दिले. नकाशा छापणाऱ्यांनी तेवढ्यावर आमचा ठिपका कायम ठेवला, म्हणून त्या तिघांचे उपकार आहेत.

खऱ्या तिघांपैकी एक मी, डेस. मंगळवारी आणि शुक्रवारी डाकेचा ट्रक चालवतो आणि बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत राहतो. एकोणतीस वर्षं झाली, तरी अजून ‘नवा माणूस’ म्हणवून घेतो. दुसरा रॉइस हॅडो. त्याचं घर चौदा किलोमीटर आत, आणि चहूबाजूचं रान त्याचं. तिसऱ्या एल्वाबाई प्रेंटिस. त्या रेल्वे स्टेशनच्या घरात राहतात. रेल्वे गेली, रूळही उचलून नेले, एल्वाबाई राहिल्या.

इथली जमीन इतकी सपाट आहे की उतार फक्त पाण्याला कळतो. माती काळी, कोरडी असली की लोखंड, भिजली की लापशी. गावाच्या पूर्वेला बोअर आहे. त्याचं पाणी जमिनीतूनच कढत येतं आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास असतो. पाहुणे चहाचा कप नाकाजवळ नेऊन खाली ठेवतात, मग आम्हाला तो वास आठवतो. पश्चिमेला नदीचा फाटा. वर्षातले दहा महिने त्यात नुसती वाळू असते, पण एका वळणावर कूलिबाच्या झाडांखाली डोह आहे, तो कुणाच्या आठवणीत आटलेला नाही. विरापूल हे मुळात त्या डोहाचं नाव. आमच्यापैकी कुणाचेही पणजोबा या मुलखात यायच्या फार आधीपासून तिथं ज्यांच्या चुली होत्या, त्यांनी ते ठेवलं. मग गुरांचे तांडे हाकणारे आले, मग हॅडो आले, मग रेल्वे आली आणि तिनं डोहाचं नाव उचलून स्टेशनला लावलं. हॉटेल होतं, ते एकाहत्तर साली जळालं. शाळा अठ्ठ्याहत्तरला बंद झाली. चौऱ्याण्णवला शेवटची गाडी गेली. झाला इतिहास. याहून मोठा कुणी सांगायला लागला तर तो तिखटमीठ लावतोय असं समजावं.

यातला हॉटेल जळाल्यापासून पुढचा सगळा भाग एल्वाबाईंनी डोळ्यांनी पाहिलाय. पासष्ट साली, बाविसाव्या वर्षी, लग्न होऊन तीन आठवडे झालेले असताना त्या समुद्रकाठच्या दूधदुभत्याच्या मुलखातून इथं उतरल्या. नवरा लेस स्टेशन सांभाळायचा. टेलिफोन जोडून द्यायचं खोकं एल्वाबाईंच्या स्वयंपाकघरात होतं. एकोणीस वर्षं आसपासच्या दोनशे किलोमीटरांतला प्रत्येक फोन त्यांच्या कानावरून गेला: कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कसला आजार, कोण कुणाच्या बायकोला काय म्हणालं. पण त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही. पोटात ठेवावं तर एल्वाबाईंनी, असं लोक म्हणायचे. टपालही त्यांच्याकडंच असायचं. पुराच्या दिवसांत, रेडिओवरून डॉक्टर सांगेल तसं करत त्यांनी दोन बाळंतपणं केली. त्यातला एक पोरगा आता कुठंसा मोठा वकील आहे. त्यांना एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे भोपळ्याचे स्कोन. ते पाव इतके कडक व्हायचे की रॉइस म्हणायचा, कुंपणाचा खांब हलत असेल तर एल्वाचा स्कोन ठोकावा.

आणि त्यांची एक खोड होती.

इथला नियम सांगतो. गाडीत दोघं असले, की चालवणाऱ्यानं चालवायचं आणि शेजारी बसलेल्यानं प्रत्येक फाटकाशी उतरायचं. गव्हर्नर आला तरी उतरतो. फाटक उघडायचं, गाडी पलीकडं गेली की परत लावायचं. पण त्याहून मोठा दुसरा नियम: फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. बंद सापडलं तर बंद, उघडं सापडलं तर उघडं. ते तसं का आहे हे ज्यानं ठेवलं त्याला माहीत. तुम्ही आपली अक्कल चालवायची नाही. शाळा चालू होती तेव्हा पोरांना बाराखडीच्या आधी हे शिकवायचे.

एल्वाबाई कधी उतरायच्या नाहीत. डाकेच्या ट्रकमधून दवाखान्याला जायच्या, वाटेत सात फाटकं, आणि सातही वेळा मीच ब्रेक लावून, उतरून, उघडून, परत येऊन, पुढं नेऊन, परत उतरून, लावून यायचं. त्या मांडीवर पर्स ठेवून समोर बघत बसायच्या. आधी गुडघे दुखत असतील म्हणून सोडलं. मग कळलं, लेस होता तेव्हाही असंच होतं, तिशीतही असंच होतं. मग मी त्यांना राणीसाहेब म्हणायला लागलो.

“राणीसाहेब, फाटक आलं.”

“दिसतंय मला.”

“नाही, म्हटलं आपलं सांगावं.”

“सांगितलंस. आता उतर.”

ही आमची गंमत झाली होती, आणि मी ती वीस वर्षं केली. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका मंगळवारी एकाच हातानं पत्ता लिहिलेली दोन पाकिटं आली. एक रॉइसला, एक एल्वाबाईंना. पाठवणारी नॉरीन नावाची बाई, समुद्रकाठच्या गावची. तिचे वडील त्र्याण्णवाव्या वर्षी वारले होते. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्या लोकांत घेत नाहीत, निदान बराच काळ. नॉरीननं पत्रात ‘बाबा’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून मीही त्यांना नॉरीनचे बाबाच म्हणतो. हे डोहाच्या मूळ लोकांपैकी, ज्यांनी विरापूल नाव ठेवलं त्यांच्यातले. पासष्टपर्यंत हॅडोंच्या रानात गुरांवर कामाला होते, आणि त्यांच्या तोडीचा घोडेस्वार जिल्ह्यात नव्हता असं जुने लोक सांगायचे. मरताना त्यांनी एकच मागितलं होतं: मला डोहावर न्या. डोह हॅडोंच्या कुंपणात. मालकाची सही असल्याशिवाय दफनाचा परवाना मिळत नाही. तेवढी सही मागायला ते पत्र होतं.

रॉइसनं ट्रकच्या बॉनेटवरच पाकीट फोडलं, वाचलं, उलटं करून माझ्याच पेननं मागं लिहिलं: ‘नाही. आर. हॅडो.’ आणि माझ्या हातात दिलं.

“रॉइस, माणूस मेलाय.”

“माझ्या बापाची दोनशे अकरा गुरंही मेली. त्यांना कुणी विचारलं, कुठं पुरू म्हणून?”

ही दोनशे अकरा गुरं विरापूलमध्ये सगळ्यांना माहीत आहेत. मी आलो त्या आठवड्यात मला ती ऐकवली होती. पासष्टच्या दुष्काळात पश्चिमेकडच्या रानातल्या बोअरचा पंप मोडला. तिथल्या गुरांना दुसरं पाणी फक्त डोहाचं, आणि डोह कुंपणापलीकडं. तेव्हा थोरल्या हॅडोनं, म्हणजे रॉइसच्या बापानं, नॉरीनच्या बाबांना पाठवलं: मधलं फाटक उघड आणि तारेनं खांबाला बांधून ठेव. मग थोरला हॅडो पंपाचे भाग आणायला गेला. पाच दिवसांनी परतला तर फाटक लावलेलं, आणि गुरं कुंपणाला छाती लावून ओळीनं मरून पडलेली. डोह तिथून दोन किलोमीटर. गुराला पाण्याचा वास त्याहून लांबून येतो.

नॉरीनचे बाबा म्हणाले, मी बांधलं होतं. थोरला हॅडो म्हणाला, बांधलंस आणि मागाहून जाऊन सोडलंस. त्याच आठवड्यात एका घोड्यावरून दोघांचं वाजलं होतं, त्याचा राग काढलास. त्या काळचा कायदाच असा होता की मालकानं पोलिसाला कळवलं की संपलं. या लोकांना उचलून शेकडो मैलांवरच्या सरकारी वस्तीत नेऊन टाकायचे, आणि तिथून परवानगीशिवाय हलता यायचं नाही. नवरा, बायको, तीन पोरं. विरापूलच्या फलाटावरून गाडीत बसवली. डोहाचं ते शेवटचं कुटुंब. त्यानंतर डोहावर चूल पेटली नाही.

शुक्रवारी मी एल्वाबाईंकडं पार्सल द्यायला गेलो, तर त्या टोपी घालून दारातच उभ्या. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

“मला रॉइसकडं सोड.”

“वाकडी वाट पडेल, एल्वाबाई. काम काय?”

“काही नाही. बरेच दिवसांत भेट नाही.”

मला वाटलं, स्कोन आहेत. बसल्या. पहिले दहा किलोमीटर पावसावर बोलल्या, मग माझ्या टायरांवर, मग लेसच्या दम्यावर, आणि लेसला जाऊन सोळा वर्षं झालेली. एल्वाबाई ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या नव्हेत. मग हॅडोंचं पहिलं फाटक आलं.

“राणीसाहेब, आज तरी उतरा. पन्नास वर्षांत एकदा. मी कुणाला सांगत नाही.”

मी उतरायला दार उघडलं, तेव्हा म्हणाल्या, “मी शेवटचं फाटक लावलं ते पासष्ट साली.”

“मग हात भरून आले असतील.” मी अजून थट्टेतच.

“डेस, ते मी लावलं.”

मी तसाच एक पाय बाहेर ठेवून बसलो. माश्या आत येत होत्या. इंजिन चालू होतं, ते त्यांनीच हात लांबवून बंद केलं.

“तीन आठवडे झाले होते मला इथं येऊन,” त्या म्हणाल्या. “लेस म्हणाला, गाडी घेऊन जा, डोह बघून ये, हिरवं काही दिसेल, बरं वाटेल. मी गेले. वाटेत फाटक सताड उघडं, खांबाला तारेनं बांधलेलं. आमच्याकडं फाटक उघडं राहिलं की गाय शेजारच्याच्या मक्यात. माझ्या बापानं आम्हाला त्यासाठी पट्ट्यानं मारलंय. मला वाटलं, कुणाचा हा गबाळेपणा! मी तार सोडली, आत गेले, फाटक लावलं. डोहावर बसून सँडविच खाल्लं. परत येताना पुन्हा लावलं. आणि तुला सांगते, घरी जाताना मला छान वाटत होतं. म्हटलं, आल्या आल्या कुणाच्या तरी उपयोगी पडले.”

“नियम माहीत नव्हता?”

“कोण सांगणार? तो सगळ्यांना माहीत असतो, म्हणून कुणी सांगत नाही.”

“आणि कळलं कधी?”

“फोनवर. खोकं माझ्याच घरात होतं ना. थोरल्या हॅडोनं पोलिसाला लावलेला फोन मीच जोडून दिला. मी लेसला सांगितलं, जाऊन सांगू या. लेस म्हणाला, हॅडोनं वर एक शब्द टाकला तर नोकरी जाईल, घर जाईल, आपण राहायचं कुठं? मग मीही तोंडात मिठाची गुळणी धरली. लेसवर ढकलत नाही. मला पाय होते, मी चालत गेले असते.”

मग त्यांनी पर्समधून नॉरीनचं पत्र काढून मला दिलं. मला चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मला दिलेलं पत्र त्यांनीच पुन्हा घेऊन वाचलं. एकच ओळ वाचली. ‘आई सांगायची की त्या दिवशी फलाटावर आमच्याशी माणसासारखं वागलेल्या तुम्ही एकट्या. तुम्ही आम्हा पोरांना केक दिला होता, बाटलीत सरबत भरून दिलं होतं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे, मिस्टर हॅडोंना समजावून सांगाल का?’

“केक दिला मी त्यांना, डेस,” एल्वाबाई म्हणाल्या. “केक.”

मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही खरं आहे. मी उतरलो, फाटक उघडलं, ट्रक पुढं नेला, फाटक लावलं. पुढच्या तिन्ही फाटकांना मी राणीसाहेब म्हणालो नाही.

रॉइस शेडमध्ये पंप उघडून बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस. आम्हाला बघून हसला.

“काय एल्वा, वाट चुकलीस? डब्यात काय, स्कोन? देवा, मागच्या खेपेला माझी दाढ गेली.”

“हात पूस, रॉइस.”

“का, फोटो काढणारेस?”

“हात पूस आणि उघड.”

त्यानं चिंधीनं हात पुसले, झाकण काढलं. आत हातभर तार होती, गंजून लाल झालेली, दोन्ही टोकांना पीळ. त्यानं ती उचलली आणि अंगठा पिळावरून फिरवला.

इथं एक सांगायला हवं. सगळं जग तार उजवीकडं पिळतं. नॉरीनचे बाबा डावखुरे होते, ते डावीकडं पिळायचे, दोन वेढे आणि एक आडवा. रॉइस तेव्हा सतरा वर्षांचा, त्यांच्या हाताखाली काम शिकत होता, आणि उजव्या हाताचा असूनही त्यांचं बघून डावीकडंच पिळायला शिकला. आजही हॅडोंच्या शेकडो किलोमीटर कुंपणाला डावा पीळ आहे. मी तो रोज बघायचो, मला वाटायचं घराण्याची रीत असेल.

“कुठं मिळाली?” रॉइसनं विचारलं. हसणं गेलं होतं.

“मी सोडली, गाडीत टाकून घरी आणली. फाटक मी लावलं. माहीत नव्हतं मला. मग माहीत झालं, तरी बोलले नाही.”

रॉइसनं तार उजेडाकडं धरली.

“मी पक्कड धरून उभा होतो,” तो म्हणाला. “त्यानं बांधलं तेव्हा. मी माझ्या बापाला सांगितलं, त्यानं बांधलंय, मी होतो तिथं. बाप म्हणाला, बांधलं असेल, मग सोडायला कोण गेलं? पोलीस? मग मीही धरून चाललो, त्यानंच सोडलं.” त्यानं तार डब्यात टाकली, परत उचलली. “त्या माणसानं मला घोड्यावर बसवलं, एल्वा. मी पडलो तर दोन दिवस पाठीवर घेऊन फिरला. आणि मी पन्नास वर्षं त्याला शिव्या घातल्या. परवा त्याच्या पोरीला सरळ ‘नाही’ लिहून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती आपण दिली. तू आणि मी.”

“तू नाही. मी.”

“तू मला सांगू नकोस कुणी काय केलं ते!” तो असा ओरडला की कुत्रा शेडबाहेर पळाला. “निघ. निघ इथून.”

एल्वाबाई वळल्या आणि ट्रककडं चालायला लागल्या. मी त्यांना हात देऊन वर चढवलं. ट्रक चालू करणार, तेवढ्यात रॉइस डबा घेऊन खिडकीशी आला. त्यांच्याकडं न बघता माझ्याशी बोलला.

“त्या बाईला कळव. तारीख तिची, जागा तिची. खड्डा मी खणतो. आणि हे,” त्यानं डबा आत ढकलला, “हे माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना द्यायला सांग तिला.”

‘तिला’ म्हणजे शेजारीच बसलेल्या एल्वाबाईंना. त्यानंतर पुढचे आठ महिने तो त्यांच्याशी बोलला नाही. तीन माणसांच्या गावात दोघं बोलेनासे झाले की तिसऱ्याचे काय हाल होतात ते मला विचारा.

रॉइसचा होकार मी त्याच दिवशी टपालात टाकला. मंगळवारी एल्वाबाईंनी आपलं पत्र दिलं, नॉरीनच्या नावाचं. जाड होतं, दोन तिकिटं लागली. जे झालं ते सगळं लिहिलं होतं, असं त्या म्हणाल्या, आणि माफीचा शब्द घातला नाही.

“का बरं?”

“मागितली की द्यावी लागते माणसाला. त्यांच्यावर आणखी एक ओझं कशाला?”

त्या पत्राला उत्तर आलं नाही. मंगळवारी, शुक्रवारी मी ट्रक थांबवायचो, त्या फाटक्या छत्रीखाली उभ्या असायच्या. मी बिलं द्यायचो, बियाण्यांची जाहिरात द्यायचो. त्या पाकिटं उलटून बघायच्या आणि “बरं” म्हणून आत जायच्या. तारीख मात्र रॉइसला कळवून आली: मेच्या दुसऱ्या शनिवारी.

त्या शनिवारी विरापूलमध्ये हॉटेल जळाल्यापासून जमली नव्हती एवढी माणसं आली. सतरा गाड्या मोजल्या मी. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, कुणी बाराशे किलोमीटरांवरून आलेलं. स्टेशनसमोर थांबले, बोअरचं पाणी पिऊन तोंडं वाकडी केली, एक म्हातारा मात्र ओंजळभर प्याला आणि म्हणाला, “हेच. हाच घाण वास.” मग गाड्या धुरळा उडवत डोहाकडं निघाल्या. रॉइस आधीच पुढं गेला होता. खड्डा त्यानं यंत्रानं नाही, फावड्यानं खणला होता.

एल्वाबाई माझ्या ट्रकमध्ये, मांडीवर डबा. आम्ही सगळ्यांच्या मागं होतो, पण पासष्टच्या त्या फाटकाच्या अलीकडं एल्वाबाई म्हणाल्या, “इथं थांब. मी इथपर्यंतच.”

“अहो, एवढं येऊन?”

“मला आत या असं कुणी म्हटलेलं नाही.”

आणि त्यांनी दार उघडलं. मी हात द्यायला धावलो, तोवर त्या खाली उतरल्याही. सत्तावीस वर्षांत मी त्यांना फाटकाशी उतरलेलं पहिल्यांदा बघितलं. फाटक उघडं होतं. पुढच्या गाड्यांनी शेवटच्यासाठी ते तसंच सोडलेलं. त्या खांबापाशी उभ्या राहिल्या.

एक पांढरी गाडी आतून उलटी वळून आली. एक उंच, पिकल्या केसांची बाई उतरली. तिनं कुणाला विचारलं नाही, सरळ एल्वाबाईंपुढं येऊन उभी राहिली.

“मी नॉरीन.”

“हो.”

“पत्र मिळालं. भाऊ म्हणाला, जाळून टाक. मी दोनदा वाचलं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “आई त्या वस्तीतच गेली, चार वर्षांत. तिकडं पाऊस पडला की विचारायची, डोह भरला असेल का गं? तुमच्या केकबद्दल सांगायची. बरं झालं, तिला माहीत नव्हतं.”

एल्वाबाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर नॉरीनला त्यांची समजूत काढावी लागली असती, हे त्यांना कळत होतं, असं मला आजही वाटतं.

“मी माफ केलंय असं नाही,” नॉरीन म्हणाली.

“मी ते मागायला आले नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर दोनदा वाचलं.”

एल्वाबाईंनी डबा पुढं केला. नॉरीननं उघडला, तार हातात घेतली. वारा सुटला होता, फाटक कुरकुरलं आणि आपोआप लागायला लागलं. एल्वाबाईंनी पटकन हात घालून ते धरलं, आणि धरल्यावर त्या बावरल्या. उघडं सोडू की लावू, काही कळेना त्यांना. इतक्या वर्षांचा धसका होता तो.

“याचं काय करू?” त्यांनी विचारलं.

“इथला नियम काय?”

“जसं सापडलं तसं ठेवायचं.”

“तुम्हाला कसं सापडलं होतं?”

“उघडं,” एल्वाबाई म्हणाल्या. “उघडं होतं ते. बांधलेलं.”

“मग तसं ठेवा.”

नॉरीननं तार त्यांच्या हातात परत दिली. एल्वाबाईंनी फाटक मागं नेलं, खांबाला टेकवलं आणि तार गुंडाळायला लागल्या. जुनी तार, म्हातारी बोटं. दोन ठिकाणी रक्त आलं. मी पक्कड घेऊन पुढं झालो, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरलो. बांधून झालं. सगळं जग पिळतं तसा पीळ, उजवीकडं.

नॉरीननं तो बघितला. खाली वाकली, सोडला, आणि डाव्या हातानं पुन्हा पिळला. दोन वेढे, एक आडवा. हलवून बघितलं. पक्कं होतं.

“चला,” ती म्हणाली. “लोक खोळंबलेत.”

मी ट्रकचं दार उघडून धरलं. एल्वाबाईंनी तिकडं बघितलंही नाही. त्या फाटकातून पायीच आत निघाल्या. डोह तिथून दोन किलोमीटर आहे. नॉरीन थोडी थांबली, मग गाडी तिथंच सोडून त्यांच्या मागोमाग चालायला लागली. मी ट्रक पहिल्या गिअरमध्ये टाकून मागून हळूहळू नेला.